झाकणाच्या आतला रंग

पत्र्यावर टिचकी वाजली. एक, आणि मग थांबून दोन.

बाळी नुकती झोपली होती. ओठाच्या कडेला दूध तसंच होतं आणि मुठी अजून घट्ट होत्या. ह्या पोरीला चिमणी उडाली तरी जाग येते, म्हणून मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. टिचकीनं तिच्या पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत. मी खाटेवरून उतरले आणि पत्र्याला धरून खाली बसले. खोली आणि शेड यांच्यामध्ये नुसता पत्राच आहे, आणि त्याच्या खाली चार बोटं फट. फटीतली वीट सरकली आणि एक लोखंडी झाकण आत आलं. मागोमाग बशीएवढा पत्र्याचा तुकडा, थिनरचा वास मारणारा, जेमतेम सुकलेला.

"बघ," पलीकडून रणजीत हळूच म्हणाला. "याडी येईल आता."

याडी म्हणजे त्याची आई, माझी सासू जिवनबाई. ती दुपटी धुवायला हातपंपावर गेली होती. आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येते, म्हणून सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते. आणखी एक. बोलताना मी त्याचं नाव घेत नाही, 'मिनाचे बापू' म्हणते. लिहिताना रणजीत लिहिते. तेवढंच एक मन भरून करता येतं.

सासू पुसेगावजवळच्या तांड्यावरून माझं बाळंतपण करायला आली होती. पहिल्या वेळी, मिनाच्या वेळी, माझी आई होती. आता ती नाही. सासूचे नियम पक्के. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. खोलीत रंगाचा, थिनरचा वास नको. पौषातला वारा, म्हणून एकुलत्या एका खिडकीला गोधडी ठोकलेली. दिवसासुद्धा खोलीत बल्ब लावावा लागायचा.

मी झाकण आणि तुकडा बल्बखाली शेजारी शेजारी धरले. बघितले. तिरपे करून बघितले.

"काळा कमी कर," मी म्हणाले. "आन निळ्याचे दोन थेंब टाक."

"दोनच?"

"दोनच."

तुकडा परत गेला. वीट जागेवर बसली.

कुणाला ही गंमत वाटेल, नवराबायकोचा पत्र्याआडचा खेळ. आमचं पोट त्या दोन थेंबांवर होतं.

रणजीत गाड्या रंगवतो. जवळा बाजारात मोठ्या रस्त्याला आमची शेड आहे, मागं ही खोली. आणि रणजीतला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. तपकिरी, विटकरी, डाळिंबी, शेवाळी, सगळं त्याला एकाच मातकट घरातलं दिसतं. हे मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली हिरवी करायला दिली होती. रणजीतनं दिवसभर खपून ती छान विटकरी केली. मी डबा घेऊन आले आणि विचारलं, हिरवी सांगितली होती ना? त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं कुणी गेलं की काय. तेवढ्यात ट्रॉलीवाला आला.

"हा प्रायमर हाय मालक," रणजीत म्हणाला. "उद्या वरून हिरवा बसतो."

"प्रायमरला एवढी चमक?"

"आमच्याकडं प्रायमर बी चमकतो."

ट्रॉलीवाला हसत गेला. त्या संध्याकाळी रणजीत जेवला नाही, आणि मग सगळं सांगितलं. डब्यांच्या बुडाला तो खिळ्यानं ओरखडे मारून ठेवायचा, लालला एक, हिरव्याला दोन. त्या दिवशी दुकानदाराकडून आलेले डबे मांडताना त्याचाच क्रम चुकला होता. तेव्हापासून डब्यावर अक्षर लिहायचं काम माझं झालं. दुपारी डबा द्यायला जायचं, गाडी बघायची, आणि भाजीत मीठ बराबर आहे का असं विचारल्यासारखं त्यानं मला हळूच विचारायचं. मी मान हलवायची. सात वर्षं असंच चाललं होतं.

काळा रंग मात्र त्याचा स्वतःचा. त्याच्या हातची काळी टाकी बाजारात दुरून ओळखू येते. लोक तिच्यात बघून भांग पाडतात. म्हणून कुणी लाल सांगत आला, निळी सांगत आला, की रणजीत त्याला गोड बोलून काळ्यावर आणायचा. काळा मळत नाही, काळा शोभतो, काळ्यावर सोनेरी पट्टी मारली की नवरदेवाची गाडी. रस्त्यानं काळ्या गाड्या जास्त का दिसतात, हे जवळा बाजारात कुणाच्या लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटायचं. आणि कधीतरी येईल याची भीती. 'पेंटरला रंग दिसत न्हाई' एवढं एक वाक्य चहाच्या हॉटेलात कुणी बोललं, की शेडला कुलूप. त्याचे दोन्ही भाऊ दिवाळी झाली की बायका-लेकरं घेऊन ऊस तोडायला जातात. लेकरांची शाळा तिथंच संपते. मिना पहिलीत आहे. शाळेत जायला लागल्यापासून ती मला याडी सोडून आई म्हणते.

बाळी नऊ दिवसांची असताना अनिरुद्ध नावाचे एक साहेब आले. हिंगोली जिल्हा झाला तेव्हापासून ते तिथं नव्या कचेरीत कामाला आहेत. राहणारे औंढ्याचे. त्यांनी टेम्पोत घालून जुनी येझदी मोटारसायकल आणली होती. माझ्या कानावर सगळं पत्र्यातून येत होतं. गाडी त्यांच्या वडिलांची, विष्णुपंतांची. पंचाहत्तरी आहे, त्या दिवशी अण्णांच्या दारात ती नवीकोरी उभी करायची, त्यांना काही सांगितलेलं नाही. इंजिनचं काम हिंगोलीत झालं होतं. राहिला रंग.

रणजीतनं लगेच सुरुवात केली. काळी करू साहेब. आत्ता बी काळीच हाय, तुमच्या वडलांची नजर बसली आसंल काळ्यावर.

अनिरुद्ध म्हणाले की तो काळा मधल्या काळात कुणीतरी मारलाय, तो अण्णांना कधीच आवडला नव्हता. घेतली तेव्हा होती तसाच रंग पाहिजे. फोटो आहे, पण काळा-पांढरा. मग खटकन् आवाज झाला. त्यांनी टूलबॉक्सचं झाकण काढून उलटं केलं असावं. आतल्या बाजूला ऊन लागलेलं नाही, तिथं कंपनीचा रंग तसाच होता.

"हा बघा. काय म्हणाल ह्याला?"

मी बाळीला छातीशी घट्ट धरलं.

"तुमच्या घरचा रंग हाय साहेब. तुमीच नाव सांगा."

"डाळिंबी," अनिरुद्ध म्हणाले. "हुबेहूब असाच पाहिजे, रणजीतभाऊ. अण्णांची नजर फार बारीक आहे. थोडा इकडेतिकडे झाला तर ते बोलणार नाहीत, पण मला कळेल."

रणजीतनं अजून दोनदा काळ्याचा विषय काढला. दुसऱ्यांदा अनिरुद्ध हसले आणि म्हणाले, तुम्हाला काळ्याचं एवढं काय हो? काम घ्यावंच लागलं. नाही म्हणायला कारणच नव्हतं. रंगाऱ्यानं रंगाला नाही कसं म्हणायचं?

आणि त्याचे डोळे मी. मी खोलीत कोंडलेली. सासूला ह्यातलं काही माहीत नाही असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. आईला कळू द्यायचं नाही, ही रणजीतनं मला त्या ट्रॉलीच्या संध्याकाळी घातलेली शपथ. तिनं एकटीनं वाढवलेलं पोर, त्याच्यात खोट आहे हे तिला कशाला?

म्हणून टिचकी, वीट आणि झाकण. पाच दिवस आम्ही असा रंग जुळवला. सासू पाण्याला गेली की, शेकासाठी गोवऱ्या आणायला गेली की. सहाव्या दिवशी तुकडा आणि झाकण बल्बखाली असे एक झाले की कुठला कुठला ते मलाच सांगता येईना.

"बराबर," मी म्हणाले.

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. तो तुकडा आणि झाकण मी गादीखाली सरकवून ठेवले, आणि पलीकडं रंग फवारायचा कंप्रेसर सुरू झाला. त्या आठवड्यात रणजीत काम करताना गुणगुणत होता. मिना शाळेतून येऊन शेडमध्येच बसायची आणि आत येऊन मला बातम्या द्यायची. टाकी झाली. मडगार्ड झालं. बापूच्या नाकाला रंग लागला.

शुक्रवारी सकाळी सासू म्हणाली की गोधडीला दुधाचा वास येतोय, जरा ऊन दाखवते. तिनं खिळे उपटले, गोधडी काढून अंगणात नेली. खिडकीतून ऊन थेट खाटेवर पडलं. एकवीस दिवसांनी मी ऊन बघत होते. बाळीनं डोळे मिटून तोंड वेडंवाकडं केलं. मला हसू आलं. आणि मग काय सुचलं, गादीखाली हात घालून मी तो तुकडा आणि झाकण बाहेर काढले. नुसतं बघावं, किती छान जमलंय ते.

झाकण डाळिंबाच्या दाण्यासारखं होतं. तुकडा वांग्यासारखा.

मी दोन्ही उलटे केले, पुसले, परत उन्हात धरले. वांगंच. पिवळ्या बल्बखाली निळा झाकला जातो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारणार होते? निळ्याचे दोन थेंब मीच टाकायला लावले होते. मग अजून दोन, मग अजून एक. पत्र्यापलीकडं कंप्रेसर धडधडत होता. शेवटचा हात चालला होता, आणि अनिरुद्ध रविवारी सकाळी येणार होते.

मी टिचकी मारली. मग मूठ मारली. कंप्रेसरपुढं काय ऐकू जाणार? मी पत्रा वाजवत राहिले, बाळी दचकून उठली आणि रडायला लागली, आणि दारात सासू उभी. माझ्या एका हातात झाकण, दुसऱ्या हातात तुकडा.

मी लपवलं नाही. लपवायला हात मोकळा नव्हता.

सासूनं आधी बाळीला उचललं, खांद्यावर थोपटलं. मग माझ्या हातातून दोन्ही घेतले आणि दारात उन्हाला धरले. तिचं सगळं आयुष्य कापडावर टाके घालण्यात गेलं आहे. तिच्या जुन्या फेटियावरचे, घागऱ्यावरचे रंग बघायला अजून तांड्यावरच्या पोरी येतात. तिनं एक क्षणसुद्धा लावला नाही.

"हे डाळिंबाचं. हे वांग्याचं. ह्याला बराबर कोण म्हणलं?"

"मी," मी म्हणाले. "बल्बखाली बघितलं."

"मग त्याला कसं कळंल? त्याला कधी कळलंय?"

म्हणजे हिला ठाऊक होतं.

"माझा बाप थावरा असाच होता," ती बाळीला थोपटत म्हणाली. "मिरची तोडायला लावली की हिरवी-लाल एकाच पाटीत. लोक हसायचे. मग त्यानं युगत काढली, बोटानं दाबून तोडायचा. पिकली मिरची मऊ लागते. रणजीत आठ वर्षांचा आसंल, त्याला बाजारातून लाल धागा आणायला लावला. हिरवा घेऊन आला आन लाल म्हणून हातात दिला. तवाच कळलं मला."

"मग इतकी वर्षं बोलल्या काहून न्हाई?"

"त्यानं सांगितलं का मला? लेकरानं झाकून ठेवलेलं मी कशाला उघडू?"

बाळीला माझ्या मांडीवर देऊन ती शेडकडं गेली. हातात झाकण आणि तुकडा. मी पत्र्याला कान लावला. कंप्रेसर बंद झाला. इतकं सामसूम झालं की रस्त्यावरच्या बैलगाडीचा आवाज ऐकू येत होता.

"गाडी उन्हात काढ," सासू म्हणाली.

चाकं फिरल्याचा आवाज. तिनं त्याला काय दाखवलं, कसं दाखवलं, मला दिसत नव्हतं. त्याला तरी काय दिसलं असणार? दोन्ही सारखेच. मग त्याचा आवाज आला, लहान मुलासारखा बारीक.

"कवापासून म्हाईत हाय तुला?"

"धागा आणला तवापासून."

"चुकून आणला म्हणलो होतो मी."

"व्हय. मी बी तुला परत पाठवलं न्हाई. हिरव्यानंच शिवलं."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग काचकागद घासायला लागला, खर्र खर्र, आणि तो थेट अंधार पडेपर्यंत थांबला नाही. आठवड्याची सगळी चमक तो घासून काढत होता. मी बाळीला पाजत होते आणि प्रत्येक खर्रला मला वाटत होतं की हे मी केलंय.

शनिवारी सकाळपासून सासू शेडबाहेर पोतं अंथरून उन्हात बसली. मांडीवर झाकण आणि दोऱ्याच्या गुंड्या. मिनाला त्या दिवशी सुट्टी होती, ती आजीच्या मांडीला चिकटून. रणजीत डब्यात ढवळायचा, काडीवर घेऊन आणायचा, आणि सासू म्हणायची, अजून. अजून. नाही, आता जास्त झालं, परत कर. मिनाही म्हणायची, अजून बापू, अजून, आणि सासू तिला गप्प करायची. मला आतून फक्त आवाज येत होते. कधी न येणारी झोप त्या दिवशी बाळीला आली होती, आणि मला नुसतं बसून ऐकण्यावाचून काही करता येत नव्हतं. दुपारी बाराच्या उन्हात सासू म्हणाली, "आता थांब. हेच." रणजीतनं तिला दोनदा विचारलं. तिनं लाल दोऱ्याची एक गुंडी काढून रंगाशेजारी धरली असावी, कारण मिना ओरडली, एकच हाय, एकच.

मग थंडी आडवी आली. रंग सुकेना. रणजीतनं मडगार्डजवळ घमेल्यात निखारे ठेवले आणि धूळ बसू नये म्हणून रस्त्याकडून माझं लुगडं बांधलं. सासू आत येऊन हात शेकताना म्हणाली, सुकंल. पण ती दर घटकेला उठून बघून येत होती, म्हणजे तिलाही घोर होताच.

रविवारी दहाला अनिरुद्ध आले. सोबत्याच्या मोटारसायकलवरून ते उतरल्याचा आवाज मी ऐकला. तो त्यांना सोडून गेला. सासू तेव्हा पाय लांब करून बाळीला तेल लावत होती. पाणी तापलं होतं.

बाहेर पावलं गाडीभोवती फिरली. मग त्यांनी झाकण मागितलं. रणजीतनं ते दिलं. पावलं उन्हात गेली. सासूचा हात बाळीच्या पाठीवर तसाच थांबला.

"हाच," अनिरुद्ध म्हणाले. "हाच होता. आई मागं बसायची तेव्हा तिच्या पदराला हा रंग लागतो की काय असं वाटायचं मला."

सासूनं परत तेल चोळायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकले.

झाकण बसवून झालं. नंबरप्लेटही बसवायची होती. रणजीत ती कसत असताना पाना सटकला. टचकन् आवाज आला, आणि "अरे" असं अनिरुद्धांचं.

मडगार्डवर टवका उडाला होता. अगदी तुरीच्या दाण्याएवढा, असं मिना नंतर म्हणाली. अनिरुद्ध रागावले नाहीत. एवढं भरून द्या, मी थांबतो, म्हणाले. घाई नाही, पंचाहत्तरीचे पाहुणे दुपारी यायचे आहेत.

तेव्हा मला आठवलं. डबे दोन होते. एक शुक्रवारपर्यंतचा, वांगी. एक कालचा, डाळिंबी. रणजीत उरलेला रंग कधी टाकत नाही. आणि दोन्हीवर अक्षर नव्हतं. अक्षर लिहायचं काम माझं, आणि मी आत. सासूला लिहिता येत नाही. काल गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

फळीवरून डबे उतरल्याचा आवाज आला. एक. दुसरा. एकाचं झाकण उघडलं. मग दुसऱ्याचं. मग काही नाही.

मी सासूकडं बघितलं. तिलाही कळलं होतं. तिचे हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले, पायावर उघडी बाळी, उठायची सोय नाही. तिनं दाराकडं मान केली.

"जा," ती म्हणाली.

मी उंबऱ्यापर्यंत गेले. दार अंगणाकडं आहे, तिथून शेडचा आतला भाग दिसतो. सव्वा महिन्याचे चौदा दिवस बाकी होते. पडद्याला हात लावला आणि मिनाचा आवाज आला, खणखणीत.

"तो न्हाई बापू. तो वांगी हाय. हा घे."

मी पडदा सरकवला. शेडमध्ये रणजीत उकिडवा बसला होता, हातात बारीक ब्रश, समोर दोन उघडे डबे. मिना बोटानं उजवा दाखवत होती. अनिरुद्ध हसत होते, लेकरू हुशार दिसलं की माणूस हसतो तसं.

"पोरीला कळतंय रणजीतभाऊ, अन् तुम्हाला कळत नाही?"

इथं त्याला हसून सोडता आलं असतं. 'प्रायमर बी चमकतो' म्हणणारा माणूस. मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलेल, डोळ्यात कचरा गेला म्हणेल. त्यानं ब्रश डब्याच्या काठावर ठेवला.

"न्हाई कळत साहेब," तो म्हणाला. "मला हे रंग दिसत न्हाईत. लहानपणापासून."

अनिरुद्धांचं हसू जागेवरच राहिलं. त्यांना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी आपल्या स्वेटरकडं बोट केलं.

"हा कोणता?"

"तुमी सांगाल तो."

"मिरची लाल!" मिना म्हणाली.

"आणि ती समोरची पाटी?"

रणजीतनं पाटीकडं बघितलंच नाही.

"हिरवी," मिना म्हणाली. तिला वाटत होतं, काका शाळेतल्यासारखे प्रश्न विचारतायत. "अजून विचारा."

त्यांनी अजून दोन विचारले. वाईट मनानं नाही, मला तसं वाटलं नाही. माणसाला खरंच नवल वाटलं की तो असंच करतो. पण रणजीत मान खाली घालून बसला होता, आणि मिना एकेक उत्तर देत उड्या मारत होती, आणि मला पुढं होऊन तिचं तोंड धरता येत नव्हतं. शेवटच्या प्रश्नाला अनिरुद्धांचं लक्ष रणजीतच्या मानेकडं गेलं असावं. ते थांबले. झाकणाच्या जागेकडं, टाकीकडं, परत डब्यांकडं बघितलं.

"मग हा एवढा बरोबर जमवला कसा?"

"घरात बघणारे हायेत."

अनिरुद्धांनी पडद्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला. रणजीतनं उजव्या डब्यात ब्रश बुडवला, श्वास धरला आणि टवका भरला. त्याचा हात जराही हलला नाही. अनिरुद्ध वाकून बघत राहिले. रंग कुठं संपतो आणि कुठं सुरू होतो ते मलाही दारातून दिसेना.

गाडी दोन किकमध्ये सुरू झाली. जाताना ते म्हणाले, "बरं आहे, रणजीतभाऊ." एवढंच. येतो म्हणाले नाहीत, कुणाला पाठवतो म्हणाले नाहीत. आभार मानले का नाही तेसुद्धा मला आठवत नाही. त्या 'बरं आहे' ला मी आत्तापर्यंत शंभर बाजूंनी वळवून बघितलं आहे.

रणजीत दोन्ही डबे बंद करत बसला. हातोडीनं झाकण ठोकत होता, बसलेलं झाकण पुन्हा ठोकत होता. सासू बाळीला कोरड्या कपड्यात गुंडाळून माझ्या मागं येऊन उभी राहिली. मला आत जा म्हणाली नाही.

दारातून रस्ता दिसतो, आणि रस्त्यापलीकडं चहाचं हॉटेल. अनिरुद्ध तिथं थांबले होते. गाडीभोवती आठ-दहा माणसं जमली होती. डाळिंबी टाकी उन्हात अशी दिसत होती की इतक्या लांबून डोळा ओढला जात होता. कुणीतरी मडगार्डला हात लावायला गेलं, त्याला अनिरुद्धांनी अडवलं. मग ते बोलू लागले. हात हलवत होते. एकदा आमच्या शेडकडं हात केला. सगळ्यांची तोंडं एकदम इकडं वळली. ते काय सांगत होते, चांगलं की वाईट, इथं काही ऐकू येत नव्हतं. एक जण हसला. एक जण पुढं झाला आणि टाकीवर वाकून बराच वेळ बघत राहिला. रणजीतनं वर बघितलं नाही. मी आणि सासू त्या माणसांची तोंडं वाचायचा प्रयत्न करत उभ्या होतो.

मिना धावत आली आणि माझ्या लुगड्याला लोंबकळली.

"काकांनी विचारलं ते मला सगळं आलं," ती म्हणाली. "बापूला एक बी आलं न्हाई."

"व्हय," मी म्हणाले.

तिनं बापाकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं, पालथे केले, उलटे केले.

"आई," तिनं विचारलं, "मग बापूला मी कोणत्या रंगाची दिसते?"